नाही म्हणायची किंमत

भाव कसा ठरतो हे पाहायचं असेल, तर गुढीपाडव्याच्या आगेमागे नारायणगावला जावं. तमाशाची पंढरी म्हणवणाऱ्या या गावात तेव्हा फडमालकांच्या राहुट्या लागलेल्या असतात. बाहेर फडाच्या नावाचा मोठा फलक, आत खुर्च्या, चहा, वही आणि तारखांची यादी. गावोगावच्या यात्रा कमिट्या गाड्या भरून येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, घासाघीस करतात. सुपारी ठरली की इसार दिला जातो आणि वहीतली एक तारीख भरते.

फड तोच असतो, कलाकार तेच, वगही तोच. पण चैत्र पौर्णिमेची किंवा कालाष्टमीची सुपारी वेगळी आणि आडदिवसाची वेगळी. त्या रात्री ढोलकीवाला जास्त वाजवत नाही आणि ट्रक जास्त डिझेल पीत नाही. खर्च दोन्ही रात्री जवळपास सारखाच. फरक एवढाच की यात्रेच्या रात्री अनेक गावांना एकच फड हवा असतो आणि फडमालक त्यातल्या एकालाच हो म्हणू शकतो. उरलेल्यांना तो नाही म्हणतो, त्या नाहीच्या जोरावर त्याचा भाव चढतो. आडदिवशी पारडं फिरतं. कलाकारांची उचल आधीच देऊन झालेली असते, गाड्यांचे हप्ते चालू असतात, रिकामी गेलेली रात्र काही साठवून ठेवता येत नाही. मग गाव म्हणेल त्या आकड्याच्या जवळ जावंच लागतं. तेही जमलं नाही तर तंबू ठोकून तिकिटावर खेळ लावायचा. सुपारीच्या खेळात प्रेक्षक आले नाहीत तर ती चिंता गावाची, तिकिटाच्या खेळात ती फडाची. धंद्याच्या शिक्षणात जोखीम कोणाच्या गळ्यात बांधायची यावर अख्खा अभ्यासक्रम असतो. तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांच्या गावात तो कनातीच्या आडोशाला पिढ्यान्‌पिढ्या शिकला जातो.

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेचे दोन शेजारी तालुके. पश्चिमेला सह्याद्रीचा भातपट्टा, पूर्वेला ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षं आणि गाई. पुणे-नाशिक महामार्ग मंचर, नारायणगाव आणि आळेफाटा ओवत जातो. एवढ्या टापूत भाव ठरायच्या इतक्या तऱ्हा पाहायला मिळतात की अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला दुसरीकडे जायची गरज पडू नये. या साऱ्या तऱ्हा पाहून माझं एक मत झालं आहे. माल बनवायला किती खर्च आला यावरून भाव ठरतो, असं इथे क्वचितच होतं. आलेला भाव नाकारायची ऐपत कोणाकडे आहे, यावर तो ठरतो. खर्चाचा हिशोब लागतो तो भाव ठरवायला नाही, आपण काय करायचं ते ठरवायला.

टोमॅटोकडे पाहा. जुन्नर बाजार समितीचा नारायणगावचा टोमॅटो बाजार राज्यातल्या मोठ्या बाजारांपैकी एक. माल वीस किलोच्या क्रेटमध्ये येतो, व्यापारी तो पाहून बोली करतात आणि संध्याकाळपर्यंत गाड्या परराज्यांच्या वाटेला लागतात. शेतकऱ्याच्या हातात उरते ती पट्टी. तिच्यावर किती क्रेट, काय भाव, काय कपात, एवढंच असतं. रोपं, मल्चिंग पेपर, ठिबक, बांबू, तार, सुतळी, बांधणीची मजुरी, फवारण्या यांतलं काहीच त्या कागदावर नसतं. व्यापाऱ्याला त्याच्याशी देणंघेणं नाही, असायचं कारणही नाही.

एक हिशोब मांडून पाहू. आकडे कल्पित आहेत, शेताशेतात ते बदलतात, पण रीत तीच. लागवडीपासून पहिल्या तोड्यापर्यंत एकरी १ लाख ८० हजार रुपये गेले आणि हंगामात १,५०० क्रेट निघतील असं धरू. म्हणजे क्रेटमागे १२० रुपये मातीत गेले. तोडणी, गाडीभाडं, हमाली मिळून क्रेटमागे आणखी ५५. एकूण १७५ रुपये, किलोला पावणेनऊ. आता बाजारात भाव ८० निघाला. १७५ चा माल ८० ला विकणं तोट्याचं, मग तोडायचा की नाही? तोडायचा. १२० रुपये कधीच गेले आहेत, तोडला काय न तोडला काय, ते परत येणार नाहीत. आज खिशातून ५५ घातले तर ८० येतात. भाव ५० वर आला तर मात्र तोडणीही अंगावर येते. म्हणजे ध्यानात ठेवायचे आकडे दोन. आज तोडायचं का, याचं उत्तर ५५ देतो. पुढच्या वर्षी लावायचं का, याचं उत्तर १७५ देतो. भल्याभल्या कंपन्यांच्या बैठकांत या दोन प्रश्नांची सरमिसळ होते आणि बुडत्या कारखान्यात आणखी पैसा ओतला जातो, का तर आधी खूप ओतलाय म्हणून. पोटाला चिमटा बसलेला शेतकरी ही चूक कमी करतो.

यात आणखी एक मेख आहे. पिकलेली फळं झाडावरच ठेवली तर झाड दमतं आणि पुढचे तोडे पडतात. पंधरा दिवसांनी भाव सुधारेल अशी आशा असेल तर आजचा माल खर्च करून तोडायचा आणि बांधावर ओतायचा, हाही शहाणपणाचा निर्णय असतो. ज्याने क्रेट बाजारापर्यंत नेले आणि तिथे भाव कोसळलेला पाहिला, त्याला माल परत न्यायला पुन्हा भाडं. म्हणून तो रस्त्याकडेला गाडी रिकामी करतो. ‘लाल चिखल’ असं शीर्षक देऊन वर्तमानपत्रं तो फोटो छापतात. वाचणाऱ्याला तो माथेफिरूपणा वाटतो, पण त्यामागे काटेकोर वजाबाकी असते.

२०२३ चं वर्ष या भागात कोणी विसरणार नाही. मे महिन्यात टोमॅटोला कुत्रं विचारत नव्हतं, उभ्या पिकात जनावरं सोडली गेली. अनेकांनी प्लॉट मोडले. जुलैत त्याच नारायणगावात क्रेट २,००० रुपयांच्या वर गेली. जुन्नर तालुक्यातल्या एका कुटुंबाला महिन्याभरात दीड कोटीच्या वर पैसे मिळाल्याची बातमी देशभर फिरली. मग कॅमेरे आले, रील झाले, ‘टोमॅटोने केलं करोडपती’ अशी शीर्षकं लागली. दिल्लीकरांची ओरड वाढली तसं केंद्र सरकारने नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत आंध्र, कर्नाटक, महाराष्ट्रातून टोमॅटो उचलून शहरांत स्वस्तात विकायला काढला. दिल्लीत तर ओएनडीसी या सरकारी पाठबळाच्या ऑनलाइन मंचावरून ७० रुपये किलोने घरपोच दिला. ऑनलाइन विक्रीने शेतकऱ्याचा भाव वाढतो असं म्हणतात. इथे ती भाव खाली आणायला वापरली गेली. ऑगस्टमध्ये नेपाळचा टोमॅटोही आला. आणि सप्टेंबरात नारायणगावची क्रेट शंभरीच्या घरात येऊन बसली.

सरकारच्या माथी दोष आहेच, पण सगळा नाही. जूनपासून चढू लागलेला भाव पाहून जो तो रोपवाटिकेकडे धावला होता. रोप तयार व्हायला साधारण महिना, लागवडीनंतर पहिल्या तोड्याला दोन महिने. आज भाव पाहून घेतलेला निर्णय बाजारात उतरेपर्यंत तीन महिने जातात आणि तेव्हा शेजारच्या शंभर जणांचा तोच निर्णय त्याच गाडीत शेजारी बसलेला असतो. मोबाइलमुळे हे सुधारेल असं वाटलं होतं. झालं उलटंच. पूर्वी तेजीची बातमी आळेफाट्याच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचायला आठवडा लागायचा, आता ती सगळ्यांना एकाच मिनिटात मिळते आणि सगळे एकदमच चुकतात. व्हॉट्सॲपवर आजचा भाव सांगणारे ग्रुप ढिगाने आहेत. पण लागवडीचा निर्णय घेताना आजच्या भावाचा उपयोग जवळपास शून्य. उपयोग आहे तो या महिन्यात किती रोपं बुक झाली या आकड्याचा, आणि तो रोपवाटिकांच्या वह्यांत पडून असतो. नारायणगावला कृषी विज्ञान केंद्र आहे, बाजार समिती आहे. तालुक्यातल्या रोपवाटिकांची बुकिंग दर आठवड्याला एकत्र करून जाहीर करायला फार पैसा लागणार नाही. कोणत्याही ॲपपेक्षा तो एक तक्ता शेतकऱ्याच्या जास्त कामाचा.

कांद्याचं तसं नाही, असं वाटतं. ओतूर, आळेफाटा, मंचरचा उन्हाळी कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो. शेतकरी आजच्या भावाला नाही म्हणू शकतो, निदान काही दिवस. पण ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली तेव्हा ही ताकद एका अधिसूचनेने काढून घेतली गेली. शिवनेरीच्या पायथ्यापासून शेतकऱ्यांचा आक्रोश मोर्चा निघाला, पण बंदी मे २०२४ पर्यंत हटली नाही, आणि हटली तीही ४० टक्के निर्यात शुल्क ठेवून. चाळ बांधायला अनुदान देणारं सरकारच चाळीतल्या कांद्याचा भाव पाडतं, यावर काय बोलावं.

माल टिकला की भाव हाती येतो, हा समज पूर्ण मोडायचा असेल तर पश्चिमेला जावं, डिंभ्याच्या धरणामागे भीमाशंकरच्या बाजूला. इथल्या महादेव कोळी कुटुंबांचं नगदी उत्पन्न म्हणजे हिरडा. उन्हाळ्यात कोवळा बाळहिरडा झाडावर चढून काढायचा आणि वाळवायचा. वाळलेला हिरडा महिनोन्‌महिने घरात राहतो, सडत नाही, कुजत नाही. टोमॅटोवाल्याला हेवा वाटावा असा माल. तरी भाव व्यापाऱ्याचाच. पुढ्यात पावसाळा असतो, भाताचं बी-खत, पोरांच्या शाळा, कोणाचं आजारपण. गरज दारात उभी राहिली की पोतं खाली उतरतं. आदिवासी विकास महामंडळाने खरेदी केली त्या वर्षांत थोडा आधार मिळाला, नाही केली त्या वर्षांत नाही. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याची जुनी झाडं आडवी केली, तेव्हा भरपाईसाठी लढावं लागलं. फळझाडाच्या भरपाईचे नियम बागेतल्या झाडाला, हे जंगलातलं. ऑनलाइन दुकानांत हिरडा चूर्णाच्या डब्या विकल्या जातात, त्यांच्या किमती पाहाव्यात आणि मग गावातला भाव विचारावा. मधला फरक दळण्याचा आणि डबीचा नाही. तो थांबू शकणाऱ्याचा आहे. नाही म्हणायला माल टिकून भागत नाही, घरही टिकावं लागतं.

याच डिंभे धरणात विस्थापित आदिवासींनी ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीने मासेमारीची स्वतःची व्यवस्था उभी केली. २०१२ मध्ये ‘शाश्वत’ला संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. एकट्याला जे जमत नाही ते संघटनेला जमतं, हे इथे नवं नाही. जुन्नरच्या लेण्यांतल्या ब्राह्मी लेखांत धान्य व्यापाऱ्यांच्या, कासारांच्या, बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणी, म्हणजे व्यवसायसंघ, आहेत. लोक त्यांच्याकडे ठेव ठेवत, त्या लेणी खोदून देत. सातवाहनांच्या काळातला कारागीर बाजारात एकटा उभा नव्हता. आजचा टोमॅटोवाला मात्र बहुतेक एकटाच असतो.

आता दूध. गाईच्या दुधाचा दर फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घन घटक) यांवर, ३.५ आणि ८.५ टक्क्यांच्या कसोटीवर ठरतो. पेंडीचा भाव वाढला म्हणून तो वाढत नाही. पावडर आणि लोण्याचा बाजार पडला की इथला दर पडतो. दूध तर टोमॅटोपेक्षा नाशवंत, गाय दिवसातून दोनदा पिळावीच लागते. २०२४ मध्ये दर इतका खाली आला की सरकारला लिटरमागे ५ रुपये आणि पुढे ७ रुपये अनुदान द्यावं लागलं.

आणि याच मंचरमध्ये, अवसरी फाट्यावर, याच्या उलटा धडा आहे. सहकारी दूध संघ जादा दूध नाकारत, ‘दूध सुट्टी’ जाहीर करत, त्या काळात १९९२ मध्ये देवेंद्र शहांनी पराग ही डेअरी सुरू केली. दूध टिकत नाही, चीज टिकतं, तूप टिकतं. ‘गोवर्धन’ आणि ‘गो’ ही नावं त्यातून घडली. मग २०११ मध्ये ‘प्राइड ऑफ काऊज’. मंचरच्या भाग्यलक्ष्मी फार्मवरच्या गाईंचं, यंत्राने काढलेलं, माणसाचा हात न लागलेलं दूध थेट मुंबई-पुण्याच्या दारात. भाव साध्या पिशवीपेक्षा कितीतरी जास्त. तो भाव फार्मचा खर्च काढून त्यावर नफा चढवून आला असेल असं मला वाटत नाही. मलबार हिलच्या किंवा कोरेगाव पार्कच्या घरात भरवशाच्या दुधासाठी किती मोजतील हे आधी पाहिलं असणार, आणि मग तेवढ्यात काय काय बसतं ते. महामार्गाच्या एका बाजूच्या गोठ्यात खर्चावरून भाव मागितला जातो आणि मिळत नाही. दुसऱ्या बाजूला भावावरून खर्च आखला जातो. दूध दोन्हीकडे पांढरंच. पण त्या मोठ्या फार्मला ग्राहकाची ओळख घडवायला लागलेला पैसा आणि वर्षं पाच गाईंच्या गोठ्याने कुठून आणावीत? यशोगाथा सांगणारे हा प्रश्न टाळतात.

ब्रँड असला की सगळं साधतं, असंही नाही. नारायणगावच्या शातो इंडाजने १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्राने फेसाळती वाइन बनवली, ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशात विकली. भारतीय वाइनचं नाव निघालं की पहिलं नारायणगाव, असा एक काळ होता. मग कंपनीने कर्ज काढून ब्रिटन-ऑस्ट्रेलियात कंपन्या घेतल्या आणि २००८ च्या मंदीत ते ओझं पेलवलं नाही. द्राक्षाच्या खर्चाने ती बुडाली नाही, व्याजाच्या खर्चाने बुडाली. व्याज रोज चढतं आणि त्यालाही नाही म्हणता येत नाही.

ऊस त्यातल्या त्यात निवांत. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर केंद्र सरकार ठरवतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये जाहीर झाला. साखरेचा किमान विक्री दर मात्र २०१९ च्या फेब्रुवारीपासून किलोला ३१ रुपयांवरच थांबलेला. या दोन आकड्यांच्या कात्रीत निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि पारगावचा भीमाशंकर हे दोन्ही सहकारी कारखाने आपलं गणित बसवतात. शेतकरी उसाकडे वळतो तो भाव फार म्हणून नाही, भाव आधी कळतो म्हणून. मग उसात बिबट्या राहतो, रात्रीच्या विजेवर पाणी धरायला जायची भीती वाटते, मजूर यायला तयार होत नाहीत. उत्पादन खर्चाच्या कोणत्याच कोष्टकात बिबट्याचा रकाना नाही.

राहिली ऑनलाइन विक्री आणि जाहिरात. २०२० च्या टाळेबंदीत इथल्या कित्येक तरुणांनी व्हॉट्सॲपवर यादी घेऊन पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत भाजी पोचवली. बाजार उघडले आणि बहुतेकांनी ते बंद केलं. दलाल गेला होता, पण त्याची कामं गेली नव्हती. निवड, पॅकिंग, गाडी, उधारी, ‘दादा, दोन टोमॅटो फुटके निघाले’ या फोनला उत्तर, हे सगळं आता घरचं कोणीतरी करत होतं आणि त्याची मजुरी कोणी लिहीत नव्हतं. स्वतःच्या बायकोच्या आणि आईच्या कामाचे पैसे हिशोबात शून्य धरले की कुठलाही धंदा नफ्यात दिसतो.

इन्स्टाग्रामवर द्राक्षाची पेटी विकणाऱ्याचा हिशोब असा धरू. ५०० रुपयांच्या जाहिरातीतून चार ऑर्डर आल्या, म्हणजे गिऱ्हाईकामागे १२५. पेटी, फोम, कुरिअर, फुटतूट जाऊन पेटीला ६० रुपये सुटतात. पहिल्या पेटीला ६५ चा तोटा, दुसरीअखेर ५ चा, तिसऱ्या पेटीपासून कमाई. तेव्हा किती लाइक आले हा प्रश्न बिनकामाचा. तेच गिऱ्हाईक तिसऱ्यांदा आलं का, एवढंच पाहायचं. जुन्या गिऱ्हाइकांची व्हॉट्सॲप यादी फुकट वापरता येते आणि तीच बहुतेकांकडे नीट ठेवलेली नसते.

नावाचाही पेच असतो. जुन्नरचा आंबा कोकणचा हंगाम सरत आला की येतो आणि चवीला कमी नाही. पण २०१८ मध्ये हापूसचं भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांना. ‘शिवनेरी हापूस’ म्हणून वेगळी ओळख मिळावी ही इथली मागणी त्यातूनच आली. मंडईत ढिगावर बसून विकताना नावाचं एवढं अडत नाही, मोबाइलच्या पडद्यावर गिऱ्हाईक आधी नावच शोधतं.

पर्यटनात जाहिरात फुकट होते आणि बिल नंतर येतं. २०१८ मध्ये जुन्नर विशेष पर्यटन तालुका झाला. पण नाणेघाटाचा उलटा धबधबा गाजवला तो रीलवाल्यांनी. पावसाळ्याच्या शनिवार-रविवारी गर्दी उसळते, मंगळवारी चिटपाखरू नसतं. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण सातवाहनांच्या जकातीचा म्हणून दाखवतात, म्हणजे वाट वापरणाऱ्याकडून तेव्हा वसुली होत होती. आज वाहनतळ, कचरा, शौचालय यांचा भार घाटघरसारख्या गावांवर आणि पाहणाऱ्यांचे आकडे कुणा तिसऱ्याच्या खात्यावर. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणावर दुर्घटना झाली आणि जिल्हा प्रशासनाने जुन्नर-आंबेगावच्या ठिकाणांवरही निर्बंध घातले. भजी आणि मक्याच्या गाड्या लावून बसलेल्यांचा ऐन हंगाम त्यात गेला. फक्त दोन वारांच्या गर्दीवर खोल्या बांधणाऱ्याने, आठवड्याच्या मधल्या रिकाम्या खोलीला कोण येईल याचं उत्तर आधी शोधावं. शाळांच्या सहली आणि कंपन्यांची शिबिरं ही त्याची खरी गिऱ्हाइकं, आणि ती रील पाहून येत नाहीत, माणूस पाठवून ठरवावी लागतात.

शहरातल्या वाचकांना एक विनंती. जानेवारीत जुन्नरच्या एखाद्या द्राक्षवाल्याचा किंवा मेमध्ये आंबेवाल्याचा मेसेज आला, आणि गेल्या वर्षीचा माल आवडला असेल, तर ‘मार्केटला तर स्वस्त मिळतो’ असं लिहू नका. माल घ्यायचा असेल तर निम्मे पैसे आधी पाठवा. तुमच्या दृष्टीने ते चार-पाचशे रुपये. त्याच्याकडे अशा पन्नास घरांचे जमले, की व्यापाऱ्याने पहिला भाव पुकारल्यावर त्याला मान हलवून थांबता येतं.